टिपणीसकाकांची सोय

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या घरी फोडणी चांगली पडली, की थोड्या वेळाने त्या घराची बेल वाजते. दार उघडावं तर समोर टिपणीसकाका. अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात पेन्सिल आणि स्क्रूड्रायव्हर शेजारी शेजारी, आणि नाक किंचित वर केलेलं.

लग्न होऊन मी डोंबिवलीत आले, त्या पहिल्याच आठवड्यात ते असे दारात उभे राहिले. स्क्रूड्रायव्हर बघून मला वाटलं, नवऱ्याने इलेक्ट्रिशियन पाठवला. मी त्यांना सरळ बाथरूममध्ये नेलं आणि बंद पडलेला गीझर दाखवला. एक अक्षर न बोलता त्यांनी तो उघडला, आत फुंकर मारली, कसलीशी वायर घट्ट केली आणि चालू करून दिला. मी पर्स आणायला वळले, तर हे स्वयंपाकघराच्या दारात.

“पैसे राहू देत. आमटीत मेथ्या घातल्यास का गं?”

“हो.”

“मोहरीच्या आधी की नंतर?”

“नंतर.”

“म्हणूनच!” ते म्हणाले. फ्रिजवर पडलेला एक कागद ओढून त्याच्या पाठीवर त्यांनी काहीतरी टिपलं, घडी करून खिशात घातलं आणि निघून गेले. संध्याकाळी नवऱ्याकडून कळलं, की हे तळमजल्यावरचे टिपणीस. आणि तो कागद म्हणजे आमचं विजेचं बिल होतं.

काका तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. अंबरनाथच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, सगळी नोकरी गेलेली, त्यामुळे हात सदा शिवशिवत. लग्न केलं नव्हतं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, आक्का. आक्कांचंही लग्न राहून गेलेलं. आई लवकर गेली आणि धाकट्या भावाला जेवायला घालता घालता वय निघून गेलं, असं त्या एकदा वाल सोलताना सहज म्हणाल्या, आणि लगेच त्याच आवाजात, “ती ताटली सरकव गं इकडे.”

काकांचा एक आवडता शब्द होता: सोय. गळका नळ दिसला, की “याची काहीतरी सोय केली पाहिजे.” भर उन्हात कंपाउंडच्या भिंतीवर चोच उघडी टाकून बसलेला कावळा दिसला, तरी तेच वाक्य. आणि काका नुसतं बोलून थांबणाऱ्यांतले नव्हते.

बिल्डिंगच्या मागे, भिंतीपर्यंत, एक चिंचोळी मातीची पट्टी आहे. तिच्यावर तळमजल्याचं, म्हणजे टिपणिसांचं राज्य. लिंबू, कढीपत्ता, जास्वंद, एक अनंत. काकांनी तिथे हळूहळू एक वसाहतच उभी केली. पाखरांना पाणी प्यायला कुंडीखालच्या मातीच्या ताटल्या, त्यांत गोटे. गोटे कशाला, असं मी विचारलं.

“मधमाशीला पोहता येत नाही. तिला उभं राहायला जागा नको?”

रंगाच्या रिकाम्या डब्यात बांबूच्या नळ्या गच्च बसवून तो डबा त्यांनी भिंतीला आडवा टांगला. त्या नळ्यांत काही जातीच्या माश्या अंडी घालतात म्हणे. “सगळ्याच पोळ्यात राहत नाहीत गं. काही एकेकट्या असतात. त्यांनी जायचं कुठे?” एक फुटकी कुंडी अर्धी मातीत पालथी खुपसली, ते बेडकाचं घर. आंब्याच्या पेटीच्या फळ्या जोडून दयाळ पक्ष्यासाठी खोकं केलं. त्याचं भोक बरोबर किती मोठं हवं यावर काकांनी एवढा विचार केला, की तेवढ्या विचारात माणसासाठी वन बीएचके झालं असतं. दयाळाने ढुंकून बघितलं नाही. पहिल्या वर्षी तिथे पाल राहिली, पुढच्या वर्षी मुंगळे.

“झाली की नाही पालीची सोय?” काका समाधानाने म्हणाले.

आक्कांना या सगळ्यातल्या एकाच गोष्टीचा राग होता. कढीपत्ता. त्याच्या कोवळ्या पानांवर एका फुलपाखराच्या अळ्या येतात. लहानपणी त्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. काकांनी कायदा केला होता, की खालच्या फांद्या अळ्यांच्या आणि वरच्या आपल्या. आता आक्का उंचीने बेताच्या. त्यांचा हात पोचायचा तो खालच्याच फांद्यांना.

“शरद, कढीला चार पानं हवीत मला!” स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज यायचा.

“थांब, वरची काढून देतो.”

“तेल तापलंय इथे. किडे आधी जेवणार आणि माणसं मागाहून, असंच ना?”

“त्यांना दुसरं काही खाता येत नाही आक्का. आपल्याला येतं.”

यावर आक्का खिडकी लावून घ्यायच्या. पण कढीत कढीपत्ता असायचा, आणि तो वरच्या फांदीचा असायचा.

मग काकांना पाककृतींची काळजी वाटू लागली. बिल्डिंगभर नाक फिरवून त्यांनी जे जे टिपलं होतं, ते बिलांच्या पाठीवर, पाकिटांवर, कॅलेंडरच्या फाटलेल्या महिन्यांवर पसरलं होतं. त्याची सोय करायची म्हणून ते घरोघर जुन्या लग्नपत्रिका मागू लागले. पत्रिकेचा कागद जाड, एक बाजू बहुतेक कोरी. ते त्याचे एका मापाचे तुकडे कापत, सुबक अक्षरात एकेक पदार्थ लिहीत, आणि तेलाचा हात लागला तरी पुसता यावं म्हणून वरून चिकटपट्टी लावत. त्यामुळे आमच्या बिल्डिंगच्या भरल्या वांग्याच्या मागे श्रीगणेश प्रसन्न आहे, आणि पाटवड्यांच्या मागे ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’. ही कार्डं ठेवायला प्लायवूडचा खण, आणि स्वयंपाक करताना कार्ड डोळ्यांसमोर उभं राहावं म्हणून कपड्यांच्या हँगरची तार वाकवून केलेला स्टँड. तो स्टँड त्यांनी प्रत्येक घरी एकेक दिला. माझा अजून ओट्यावर आहे.

खणात पदार्थांप्रमाणे कप्पे नव्हते, माणसांप्रमाणे होते. मी म्हटलं, काका, भाज्या एकीकडे, गोडाचं एकीकडे, असं करा की.

“शेंगदाण्याची आमटी म्हटली की मला तू आठवतेस. शेंगदाणे आठवत नाहीत,” ते म्हणाले.

सगळ्यांचे कप्पे भरले. आक्कांचा भरेना. खरं तर काकांना हवं होतं ते आक्कांचंच. वालाचं बिरडं, सोड्याची, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीची, खिचडी आणि बेसनाचं गोड निनावं. त्यांच्या घराण्यातले हे पदार्थ आक्कांच्या हातचे जे कुणी खाल्ले, ते दुसरीकडे जेवताना जरा गप्पच असायचे. काका मोजायच्या वाट्या घेऊन ओट्याशी उभे राहत.

“आक्का, गूळ किती?”

“लागेल तेवढा.”

“अगं पण म्हणजे किती?”

“गोड होईपर्यंत.”

एकदा मी तिथेच बसले होते. काकांनी आक्कांच्या मुठीतलं खोबरं वाटीत घालून मोजायला मागितलं. आक्कांनी मूठ मिटली ती उघडलीच नाही.

“कशाला हवंय तुला लिहून? मी मेल्यावर खायची पंचाईत होऊ नये म्हणून?”

आक्कांनी खोबरं पातेल्यात टाकलं. “एकदा त्या तुझ्या खणात गेलं, की मग मी इथे कशाला?” त्या म्हणाल्या, आणि गॅस उगाचच कमी-जास्त करत राहिल्या. काकांनी वाट्या एकात एक घातल्या आणि फळीवर ठेवून दिल्या. पुढे कितीतरी दिवस दोघं एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलत होती.

त्याच सुमारास ते घडलं. एका सकाळी काका बाजारात गेले होते. आक्कांना कढीपत्ता हवा होता. खालच्या फांदीला हात लावायचा नाही हा कायदा त्यांनी भांडणातही पाळला. वरची फांदी वाकवायला त्या टाचा उंचावून पुढे झाल्या, आणि मागे पाय टाकला तो बेडकाच्या पालथ्या कुंडीवर. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मला फांदी सुटल्याचा आवाज ऐकू आला, आणि मग आक्कांचा.

खुब्याचं हाड मोडलं होतं. कल्याण रस्त्यावरच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. काका त्या सगळ्यात अगदी व्यवस्थित वागले. सह्या केल्या, औषधं आणली, डॉक्टरांना नीट प्रश्न विचारले. फक्त “सोय” हा शब्द त्यांच्या तोंडून एकदाही आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या बाजूला काहीतरी आपटल्याचा आवाज आला म्हणून मी खाली गेले. काका एका पोत्यात सगळं भरत होते. ताटल्या, बांबूचा डबा, दयाळाचं खोकं. फुटकी कुंडी त्यांनी उपटून काढली होती, आणि तिच्याखालचा बेडूक ओल्या मातीत तसाच बसला होता, उघड्यावर. काका त्याच्याकडे बघत उभे होते.

“याला आता कुठे ठेवू गं?” त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, काका, कुंडी परत ठेवा. त्यांनी मान हलवली. पोतं ओढत ते जिन्याखाली घेऊन गेले. बेडूक जास्वंदीच्या मुळाशी सरकला.

हॉस्पिटलातलं जेवण आक्कांना जाईना. मी म्हटलं, मी डबा पाठवते. काका म्हणाले, नको, मी करतो. मला वाटलं, वरण-भात करतील. पण दोन-तीन दिवस त्यांच्या स्वयंपाकघरातून जे वास आले, ते करपल्याचे होते. एकदा नारळाचं दूध फाटलं, एकदा खिचडीची खीर झाली. कार्ड नव्हतंच कुठलं. काका नाकाने स्वयंपाक करत होते. जन्मभर ज्या वासात ते जेवायला बसले, तो वास पातेल्यातून येईपर्यंत ते परत परत करत राहिले. मग एका सकाळी बेल वाजली. हातात वाटी.

“चव बघ.”

मी बघितली. ते आक्कांचं बिरडं होतं. मी वाटी चाटूनपुसून रिकामी केली.

“हं,” काका म्हणाले. “आता एक कर. आक्काला सांगायचं, हे तू केलंस.”

“मी? का?”

“मी खोबरं मोजायला मागितलं, तेव्हा तिने काय म्हटलं ते तू ऐकलंस ना?” ते म्हणाले. “तिथे पडल्या पडल्या तिला कळायला नको, की हे मला जमतं.”

त्यामुळे मी आक्कांना भेटायला गेले, तेव्हा माझा उद्धार झाला.

“वृंदा, अगं तुझी माया कळते मला,” आक्का उशीला टेकून म्हणाल्या, “पण तुम्हा घाटावरच्यांना वाल कळायचे नाहीत. मीठ घाबरत घाबरत घालतेस तू. आणि वाल सोलताना अर्ध्या सालींसकट टाकतेस की काय?”

काका पायथ्याशी स्टुलावर बसले होते. “मी सांगतो तिला,” ते गंभीरपणे म्हणाले.

“तू काय सांगणार? तुला काय येतंय त्यातलं?”

“ते खरं,” काका म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले.

असे माझ्या नावावर पुष्कळ डबे गेले. वाल नीट सोलून, मीठ बेताने वाढवून. शेवटी एकदा आक्का म्हणाल्या, “आज जमलं हो तुला, पोरी.” मी खाली बघितलं. काकांनी एवढ्या जोरात चष्मा पुसला की काच फ्रेममधून निघून हातात आली.

आक्कांनी मला बागेचंही विचारलं. मी सगळं सांगितलं, पोत्यापासून बेडकापर्यंत. काका औषधं घेऊन खोलीत आले, तेव्हा त्या वाटच बघत होत्या.

“शरद, ते सगळं जिथलं तिथे लाव.”

“आक्का, त्या कुंडीमुळेच तू...”

“मी पडले ती माझ्या पायाने. बेडकाने काय केलंय? आणि या उन्हाचं पाखरांनी पाणी कुठे प्यायचं?” त्यांना धाप लागली. “मी घरी येईपर्यंत ताटल्या भरलेल्या हव्यात मला.”

ताटल्या भरल्या. कुंडी काकांनी वाटेपासून लांब, भिंतीला धरून बसवली आणि तिच्या काठाला पांढरा रंग दिला. दयाळाचं खोकंही परत टांगलं. त्यात कुणी राहायला आलं नाही.

आक्का घरी आल्या, आणि खरी अडचण तिथे सुरू झाली. डॉक्टरांनी बजावलं होतं, चालवा. चालल्या नाहीत तर पाय आखडेल, मग पलंगावरून उठणं व्हायचं नाही. आणि आक्का चालेनात. दुखायचं म्हणून नाही. त्यांना भीती बसली होती. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. तिला आक्का चहा द्यायला लावायच्या, तिच्या आईची चौकशी करायच्या आणि “उद्या बघू हं” म्हणून परत पाठवायच्या.

काकांनी काय काय केलं नाही! पलंगापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत भिंतीला धरायला पाइप ठोकला. वॉकरच्या पायांना सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलं. उंबऱ्याला उतार केला, लादीवरच्या गुळगुळीत जागी काथ्याची चटई खिळवली. घरभर आधारच आधार झाले. पण उठायचं आक्कांनाच होतं, आणि त्या उठत नव्हत्या. काका दमल्यासारखे दिसायला लागले. जिन्यात फोडणीचा वास आला तरी बेल वाजेना. नाक घेऊन फिरायची त्यांची सवय मला पहिल्या दिवसापासून हसू आणायची. त्या दिवसांत ती बेल वाजावी म्हणून मी मुद्दाम दार उघडं ठेवून मेथ्या तळल्या. कुणी आलं नाही.

एका रविवारी सकाळी मी काकांना थालीपीठ द्यायला खाली गेले. आक्का बाहेरच्या खोलीत पलंगावर, खिडकीकडे तोंड करून. आत काका ओट्याशी. गॅसवर बिरडं रटरटत होतं. त्यांनी पळीवर एक वाल घेतला, बोटांत दाबून बघितला. अजून कच्चा होता. मग आमसुलांची वाटी हातात घेतली आणि बाहेर तोंड करून ओरडले,

“आक्का, आमसुलं घालू का गं आता?”

आमसूल आधी पडलं तर वाल पुढे शिजत नाहीत, हे आता मलासुद्धा ठाऊक होतं. इतके डबे काय माझ्या नावावर उगाच गेले?

“वाल शिजले का?” बाहेरून आवाज आला.

“काय?”

“वाल शिजले का म्हणते मी!”

“ऐकू येत नाही गं तिथून!” काका म्हणाले. ज्या माणसाला दारं बंद असताना मागच्या लिंबावरचा शिंपी पक्षी ऐकू येतो, तो माणूस. “घालतो मग!”

“अरे, घालू नकोस! दगड होतील वाल! शरद!”

“काय म्हणतेस?”

मी बोलायला तोंड उघडलं. काकांनी हळदीने पिवळा झालेला हात वर करून मला थांबवलं. बाहेर पलंग करकरला. मग काही नाही. मग वॉकर लादीवर टेकल्याचा आवाज. काका ओट्याकडे तोंड करून उभे होते, वाटी तशीच हातात, मान थोडी वाकलेली. वॉकर उचलला गेला, टेकला. पुन्हा उचलला गेला. मध्येच सगळं थांबलं, आणि काकांचे खांदे वर गेले ते खाली येईनात. मग पाइपला हात घासल्याचा आवाज आला आणि वॉकर पुढे सरकला. त्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही.

“थांब तिथेच,” आक्का उंबऱ्याच्या उतारावर येऊन म्हणाल्या. चेहरा घामाने भिजला होता. “सरक बाजूला. जन्मभर खातोयस आणि एवढं कळत नाही तुला?”

“नाही ना कळत,” काका म्हणाले.

आक्कांनी एक हात ओट्याला टेकवला, दुसऱ्या हाताने त्यांच्याकडून पळी घेतली आणि पातेल्यात वाकून बघू लागल्या. काका मागे सरकले. आक्कांच्या पाठीशी, अंगाला हात न लावता, पण लागलाच तर लावता येईल इतक्या जवळ, दोन्ही हात पसरून ते उभे राहिले. आक्कांना ते दिसत नव्हतं.